हे कुठलं पाणी?

आज नळाला पुन्हा लाल पाणी आलं. पंचगंगा पात्राबाहेर पडून परत आत गेली की कसबा बावड्यात असंच होतं. पाऊस थांबलेला असतो, ऊन पडलेलं असतं, खालच्या रानातला ऊस चिखलात मान टाकून उभा असतो, आणि तोटीतून येतं ते बिनदुधाच्या चहासारखं. त्याला वास असतो. कुजलेल्या पाल्याचा आणि गंजलेल्या लोखंडाचा. लोक म्हणतात पूर ओसरला, संकट टळलं. मी म्हणते, पूर दारात असतो तेव्हा दिसतो तरी. ओसरल्यावर तो घागरीत येऊन बसतो.

मी तोटीला फडकं बांधलं, खाली हंडा लावला आणि उभी राहिले. फडक्यावर गाळाचा थर चढत गेला. या दिवसांत पाणी भरताना मी बाजूला होत नाही, कारण मागं कुणीतरी उभं असतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण तेवढी अक्कल आहे. तरी मागं उभं असतं, आणि विचारतं, ‘आई, हे कुठलं पाणी?’

खाली पार्किंगमधून एखादी स्कूटर गेली की एका ठिकाणी आवाज बदलतो. पोकळ येतो. तिथं आमची विहीर आहे. ही इमारत उभी राहण्याआधी इथं आमचं रान होतं, रानात घर होतं आणि घराच्या मागं विहीर. बिल्डरनं ती बुजवली नाही, वर स्लॅब टाकला. आता त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्यांची गाडी उभी असते. पाणी अजून आहे खाली. असणारच. स्लॅब टाकला म्हणून पाणी कुठं जातंय?

आम्ही जैन, शेती करणारे. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, हे मला कुरुंदवाडला माहेरी असताना अक्षर ओळखायच्या आधी शिकवलं होतं. फडकं जाड लागतं, दुहेरी लागतं आणि कोरं लागतं. नेसलेल्या लुगड्याचा तुकडा चालत नाही. पाणी गाळलं की अर्धं काम झालं. मग फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं, म्हणजे त्यात अडकलेले बारीक जीव त्या धुवणात उतरतात. त्या धुवणाला जिवाणी म्हणतात. ती जिथलं पाणी तिथंच परत सोडायची. विहिरीची विहिरीत, नदीची नदीत. दुसरीकडं ओतली तर ते जीव मरतात. उंचावरून ओतली तरी मरतात.

त्यासाठी सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आक्कांचा, एक पितळी लोटा होता. त्याच्या बुडाला कडी, तिला दोरी, आणि काठाला धरणारा एक आकडा. दोरी अशी अडकवायची की लोटा सरळ खाली जातो, पाण्याला टेकला की आकडा सुटतो, आणि दोरी हळू ओढली की लोटा पाण्यातल्या पाण्यात उलटतो. आवाज होत नाही. झाला तर चुकलं.

हे काम माझ्या लेकीचं होतं. त्रिशला, नऊ वर्षांची. विहिरीच्या काठावर पालथी पडून, जीभ दातात धरून ती दोरी सोडायची. तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा अजित शेजारी बसून कुरकुरायचा.

‘मला दे की गं. एकदाच.’

‘न्हाय. तू धपकन टाकतोस.’

‘न्हाय टाकत.’

‘टाकतोस. परवा टाकलास. किडं मरत्यात. तुला काय, तू गेलास पळून गोट्या खेळायला.’

सोप्यातून आक्का ओरडायच्या, ‘भवाने, मागं सर! पडशील हिरीत!’

‘पडली तर गाळून काढा की!’

आक्कांना हसू यायचं आणि हसू आलं म्हणून राग यायचा. पोरगी तशीच होती. तोंडाळ. माझ्यावर गेली होती.

त्या साली नदी आमच्या विहिरीपर्यंत आली. काठावरून आत पडत राहिली. ओसरली तेव्हा विहीर तोंडापर्यंत भरलेली, लाल, वर उसाची पानं आणि कुणाची तरी एक चप्पल तरंगत होती. त्याच वर्षी आमच्या वस्तीत नळ आला होता. तोही लाल वाहायचा. आमचे मालक, म्हणजे पोरांचे वडील, म्हणायचे नळाचं प्या, सरकारी पाणी आहे, औषध टाकलेलं असतंय. आक्का म्हणायच्या, ‘नळाची जिवाणी कुठं सोडणार? नळात? ज्या पाण्याला माघारी जायला वाट न्हाय, ते आपलं पाणी न्हाय.’ मालक हसायचे. शेवटी दोन्ही पाणी घरात येत होतं. जे हाताला लागेल ते प्यायलं जात होतं. दोन्ही दुहेरी फडक्यातून गाळलेलं. गाळलं की शुद्ध झालं, असं आम्ही सगळे धरून होतो. उकळून प्या, असं दवंडी पिटून सांगत होते. उकळायचं कशावर? सरपण भिजलेलं, शेणकुटं वाहून गेलेली. भाकरीपुरता जाळ व्हायचा, तोही फुंकून फुंकून डोळे जाईपर्यंत.

फडक्यात किडं अडकतात. कावीळ अडकत नाही. हे आता मला कुणी सांगायला नको.

पोरीचे डोळे पिवळे झाले. मग नखं. मग अंथरुणाची चादर धुतली तरी पिवळी राहायला लागली. उसाचा रस पाजला. उपाशीपोटी कुठल्या पाल्याचं औषध दिलं. दवाखान्यात नेलं ते उशिरा. पण या सगळ्यापेक्षा घरात ऐकू येत होतं ते एकच. कुठल्या पाण्यानं झालं? मालक म्हणायचे विहिरीच्या. आक्का म्हणायच्या नळाच्या. पोरीच्या उशाशी बसून भांडायचे. पोरगी ऐकायची. तिला कळत नव्हतं असं नाही.

म्हणून तिनं विचारायला सुरुवात केली. तांब्या ओठाला लावला की दोन्ही हातांनी माझं मनगट धरायची. हात गरम असायचे.

‘आई, हे कुठलं पाणी? हिरीचं का नळाचं?’

‘आपलं हाय. पी.’

यापलीकडं मला उत्तर नव्हतं. पर्युषण तोंडावर आलं होतं तेव्हा ती गेली. मग लोकांनी कर्म सांगितलं, भोग सांगितले, आयुष्याची दोरी सांगितली. पाणी कुठलं, ते कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात दोन हंडे आले. एक विहिरीचा, आक्कांचा. एक नळाचा, मालकांचा. दोघं एकमेकांच्या हंड्याला हात लावत नव्हते. मरेपर्यंत नाही. मी दोन्हीतलं प्यायचे. त्या साली पण दोन्ही प्यायले होते, मला साधं पोट दुखलं नाही. त्याचा राग कुणावर काढायचा, ते माझं अजून ठरलेलं नाही.

अजित शाळेतून यायचा आणि रिकामा तांब्या घेऊन दोन हंड्यांच्या मधे उभा राहायचा. एकातलं घेतलं की आज्जीचा चेहरा पडायचा, दुसऱ्यातलं घेतलं की बापाचा. मग तो पाणी प्यायलाच शेजारी जायला लागला. मला तेव्हा वाटलं, पोरगं शहाणं झालं. कॉलेजला गेला, बाटल्या विकत घ्यायला लागला. बहिणीचं नाव त्यानं त्या पावसाळ्यानंतर घेतलं नाही. राखीपौर्णिमेला घरात सापडायचा नाही. लग्न उशिरा केलं, नोकरीनं स्वित्झर्लंडला गेला, आणि मी गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडं गेले तोवर मला वाटत होतं की हे सगळं इथंच राहिलं. स्लॅबखाली.

तळ्याकाठचं गाव आहे त्याचं. स्वच्छ, गप्प. कुत्रीसुद्धा विचारून भुंकतात. इमारतीला तळघर आहे, तिथं प्रत्येक बिऱ्हाडाला जाळीची एक खोली. शेजाऱ्यांच्या खोलीत सायकली, दारू, बर्फावरून घसरायच्या फळ्या. आमच्या खोलीत पाणी. खालपासून वरपर्यंत बाटल्यांचे गठ्ठे. त्यांच्यावर डोंगराचं चित्र. सून स्मिता दिवा लावून दाखवत होती आणि माझ्या अंगावर काटा आला. पूर येणार म्हणून कुणीतरी भरून ठेवावं, तसं होतं ते. आणि बाहेर स्वच्छ ऊन.

‘इथलं नळाचं पाणी एवढं चांगलं आहे आई,’ स्मिता म्हणाली. ‘सगळे तेच पितात. मी आल्या दिवसापासून सांगतेय. हे ऐकतच नाहीत. आर्याला तर शाळेतसुद्धा नळाला तोंड लावू देत नाहीत.’

आर्या माझी नात. नऊ वर्षांची. माझ्या मनात काय आलं ते मी लिहीत नाही.

दर शनिवारी अजित ते गठ्ठे खांद्यावर घेऊन जिने चढायचा. कंबर धरून बसायचा. मी त्याला काही म्हटलं नाही. मी बाटलीतलं पाणी प्यायले नाही, इतकंच. आपल्याकडं रात्रीचं भरलेलं पाणी सकाळी ओतून टाकतात, शिळं म्हणून. बाटलीतलं तर कोणत्या महिन्यातलं कुणाला ठाऊक. मी पेटीतून कोरं फडकं काढलं, स्वयंपाकघरातल्या तोटीला सुतळीनं बांधलं आणि तांब्या भरला. जेवायला बसताना तो पानाशेजारी ठेवला. अजितनं बघितलं.

‘आई, बाटली आहे की तिथं.’

‘शिळं पाणी मी पीत न्हाय.’

‘शिळं नाही ते. सीलबंद आहे.’

‘कवा भरलंय?’

त्यानं बाटली फिरवून बघितली. ‘ते नाही लिहिलेलं. कधीपर्यंत चालतं ते लिहिलंय.’

‘म्हंजी कवा मरणार ते लिवलंय, कवा जन्मलं ते न्हाय. चांगलंच की.’

स्मिता ओढणी तोंडाला लावून हसली. अजितही थोडा हसला असता. पण तेवढ्यात आर्यानं माझा तांब्या दोन्ही हातांनी स्वतःकडं ओढला, आत वाकून बघितलं आणि विचारलं, ‘आज्जी, हे कुठलं पाणी?’

अजितचा घास हातात राहिला. माझाही राहिला असेल. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की हे वाक्य त्यानंही ऐकलेलं आहे. उंबऱ्यात उभा राहून, रोज. मला वाटत होतं, ते माझ्या एकटीच्याच कानात आहे.

या वेळी मला उत्तर ठाऊक होतं. त्याच सकाळी मी शेजारच्या म्हातारीला विचारलं होतं. तिला माझी भाषा नाही, मला तिची नाही. मी तोटी दाखवली, हातानं विचारलं, कुठनं येतं? ती मला हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेली आणि बोट दाखवलं. तळ्याकडं. पाण्याबद्दल इतकं सरळ उत्तर मला जन्मात कुणी दिलं नव्हतं.

‘तळ्यातलं हाय,’ मी आर्याला म्हटलं. ‘त्या खिडकीतनं दिसतंय ते. साफ करून आणत्यात.’

‘मी पिऊ?’

‘बापाला इचार.’

चोरून पाजायचं माझ्या मनात नव्हतं. तसं करायला हवं तितक्या जागा होत्या. तिथं रस्त्याच्या वळणावळणावर दगडी डोणी आहेत, त्यांत नळी दिवसभर वाहते, येणारे-जाणारे तोंड लावून पितात. आर्याबरोबर फिरताना मी ओंजळीनं प्यायचे आणि ती रिकामी बाटली हातात घेऊन बघत राहायची. घसा कोरडा पोरीचा. तरी मी म्हटलं नाही की पी. एका घरात पोराला लपून पाणी प्यायला लागलं, की काय होतं ते मी बघितलंय.

अजित ताट अर्धं टाकून उठला. मग स्वयंपाकघरात आला तेव्हा मी फडकं धूत होते, आणि जिवाणी धरली होती आक्कांच्या लोट्यात. तो लोटा मी मुद्दाम नेला नव्हता. विहिरीवर स्लॅब पडल्यापासून तो रिकामाच होता, म्हणून त्यात शेंगदाण्याची चटणी भरून, तोंडाला कापड बांधून पेटीत टाकला होता. चटणी संपली, लोटा राहिला.

‘हा अजून आहे?’ अजित म्हणाला.

‘आसणारच. पितळ कुटं जातंय?’

त्यानं बुडाच्या कडीत बोट घातलं. कडी फिरवली. मग लोटा खाली ठेवला, अगदी हळू, आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी मागं गेले नाही. गेले असते तर त्याला काहीतरी बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आर्याला घेऊन तळ्यावर गेले. पाण्यात आत गेलेला लाकडी धक्का आहे. त्याच्या टोकाला बसले, पेटीची सुतळी लोट्याला अडकवली आणि सोडायला लागले. तळ्याचं पाणी निळं, गार, तळापर्यंत दिसत होतं. जन्मभर लाल पाण्यात बघितलेल्या बाईला तेवढं स्वच्छ पाणी बरं वाटत नाही. त्यात लपायला जागा नसते. हाताला आता पकड राहिली नाही. सुतळी घसरली, टोक हाती राहिलं, पण लोटा पाण्यावर आदळला.

‘मेलं की गं.’

मी वळून बघितलं. आर्या बदकांकडं बघत होती. तिला जिवाणीतलं काही माहीत नव्हतं. ती बोललेली नव्हती.

परत यायचे दिवस जवळ आले तसा अजित मागं लागला. ‘राहा की आई इथंच. तिकडं पावसाळ्यात पुन्हा तेच. पूर, चिखल, लाल पाणी. मला इथं झोप येत नाही.’

‘पर्युषण तोंडावर हाय.’

‘इथंही करता येईल.’

‘येईल. पण तू बाटल्या वाहून आणणार आणि मी नळाचं पिणार. तुझी पोरगी मधी उभी ऱ्हाणार. पुन्हा दोन हंडं मांडायचं का घरात?’

अजितच्या जबड्याचं हाड तेवढं हललं. त्याच्या बापाचं हलायचं तसं.

मी आले. येताना तिथल्या तोटीचं फडकं सोडलं नाही, लोटाही तिथंच ओट्यावर ठेवला. विमानतळावरून घरी पोचले तर त्याचा फोन. ‘आई, लोटा विसरलीस.’ मी म्हटलं, ‘इसरले न्हाय. ठिवलाय.’ त्यावर तो म्हणाला, ‘पोचलीस ना नीट?’

त्याला आता वर्ष झालं. या वर्षभरात मी त्याला पाण्याचं काही विचारलं नाही. मी विचारलं म्हणून प्यायलं, तर ते पाणी काय कामाचं? हिवाळा गेला, उन्हाळा गेला. आता परत हे दिवस आले. खालच्या रानात परवापर्यंत नदी होती, आणि आता तिथं उसाच्या बुडख्यांत अडकलेल्या बाटल्याच बाटल्या आहेत. पुरात अडकलेल्यांना वाटलेल्या. पाणी पिऊन झालं, बाटल्या उरल्या. त्या उन्हात चमकतात. लांबून बघितलं तर वाटतं, पाणी अजून हटलेलं नाही.

आज हंडा भरत असतानाच फोन वाजला. पडद्यावर स्मिता. ‘आई, बातम्यांत पूर बघितला. बऱ्या आहात ना?’ मी म्हटलं बरी आहे, मला काय धाड भरलीय. बोलता बोलता ती स्वयंपाकघरात गेली आणि तिच्या खांद्यामागं मला तोटी दिसली. तोटीला माझं फडकं. मी फोन डोळ्याजवळ नेला. फडकं ओलं होतं. खालच्या टोकाला थेंब धरला होता.

‘बाटल्या?’ मी विचारलं.

‘आहेत अजून तळघरात,’ स्मिता हळू आवाजात म्हणाली. ‘नव्या आणल्या नाहीत.’

तेवढ्यात आर्यानं तिच्या हातातून फोन हिसकावून घेतला. या पोरीला हळू बोलता येत नाही.

‘आज्जी! तुझा लोटा आहे ना, बाबा तो तळ्यावर नेतात. मी पण जाते. पण मला सोडूच देत नाहीत!’

‘का गं?’

‘मी मागितला ना, की म्हणतात, तू धपकन टाकतेस.’

मी फोन ओट्यावर पालथा ठेवला. आर्या आतून आज्जी, आज्जी करत राहिली. खाली कुणाची तरी स्कूटर स्लॅबवरून गेली, पोकळ वाजली आणि पुढं गेली. हंडा भरून वाहत होता, लाल पाणी माझ्या पायावरून मोरीकडं चाललं होतं. मी तोटी बंद केली नाही. मागं उभं होतं ते आज काही विचारत नव्हतं. पण गेलेलंही नव्हतं.